चुलीच्या धुराचा वास कपड्यांतून जात नाही, काय करावं?

गावाहून आणलेल्या वाकळा आणि चादरी मशीनमध्ये धुतल्या तरी धुराचा वास जात नाही, कपाटातल्या बाकीच्या कपड्यांनाही तो लागला, असं तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय, "टाकूनच द्याव्यात का?" त्या एका ओळीसाठी हे लिहायला बसले. टाकू नका.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या अंगाला. तिथं पावसाळ्यात ऊन असं दिसतच नाही. ओलं कापड चुलीवरच्या वलणीवरच वाळतं, त्याला धूर लागणारच. लग्नानंतर आईनं तिच्या जुन्या नऊवारींची वाकळ शिवून दिली. ठाण्याच्या घरी ती उलगडली तशी थोरल्या जाऊबाईंनी नाकाला पदर लावला. "ही बाल्कनीतच राहू दे," म्हणाल्या. मग त्यांनीच तिच्यावर सेंट मारलं, घडीत डांबरगोळ्या घातल्या आणि वर लाँड्रीतून कडक इस्त्री करून आणली. ती इस्त्री सगळ्यात वाईट. धुरातला चिकट, तेलकट अंश धाग्याला धरून बसतो आणि उष्णता दिली की आणखी घट्ट होतो. वास पुरता गेल्याशिवाय इस्त्री नाही आणि ड्रायरही नाही.

मी ती वाकळ टबात कोमट पाण्यात बुडवली आणि बादलीमागं मूठभर धुण्याचा सोडा घातला. धुण्याचा, खाण्याचा नव्हे. रात्रभर भिजली. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. ते मी जाऊबाईंना बोलावून दाखवलं, कारण सेंटखाली हे सगळं तसंच होतं. मग पायांनी तुडवली, पाणी बदललं, पुन्हा तुडवली, आणि पाणी स्वच्छ आल्यावरच साबण लावला. वाळवली गच्चीवर, कडक उन्हात, दोन्ही बाजू पालटून. मशीनमध्ये कोंबलेल्या वाकळेच्या मधल्या थरांपर्यंत पाणी पोचत नाही. तुमचंही तेच झालं असणार.

व्हिनेगर घाला असं सगळे सांगतात. विडी-सिगारेटच्या वासाला ते ठीक, निकोटिन अल्कधर्मी असतं आणि व्हिनेगर आम्ल. लाकडाच्या धुरातले फिनॉल नावाचे वासाचे घटक आम्लधर्मी, त्यांना अल्कधर्मी सोडाच लागतो. दोन्ही एकदम घातलेत तर एकमेकांना मारतात. फॅब्रिक कंडिशनर तर बंदच करा, धाग्यावर थर बसतो आणि वास आत कोंडतो.

चुलीवरच्या भाकरीसाठी गाडी काढून ढाब्यावर जायचं आणि चुलीपाशी बसून शिवलेलं अंथरूण बाल्कनीत टाकायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. जाऊबाईंना हे तोंडावर सांगितलंय. वाकळ अजून माझ्या अंथरुणावर आहे.

आणि हो, रेशीम किंवा लोकर असेल तर सोडा लावू नका, खराब होईल. आठवडाभर सावलीत वाऱ्यावर टांगा, नाहीतर ड्रायक्लीनला द्या. रंग जाणारं कापड असेल तर आधी एक कोपरा भिजवून बघा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. कपाट रिकामं करून फळ्या ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि दारं दिवसभर उघडी ठेवा, नाहीतर धुतलेल्या कपड्यांना पुन्हा तोच वास लागेल.