सहा महिने गटात आहे, पण काम येत नाही

प्रश्न : नाशिकमध्ये माझा मॉड्युलर किचनचा व्यवसाय आहे. एकमेकांना काम सुचवण्यासाठी दर आठवड्याला भेटणाऱ्या एका व्यावसायिक गटात सहा महिने आहे, एकही बैठक चुकवली नाही. हाती ग्राहकांचे दोनच नंबर आले आणि दोन्हीकडे ‘आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं’ असं ऐकावं लागलं. काय चुकतंय?

तुम्हाला मिळाले ते नुसते नंबर. रेफरल म्हणजे ओळखीतून केलेली शिफारस. ती देणारा आधी ग्राहकाशी बोललेला असतो आणि तुमचा फोन येणार हे ग्राहकाला माहीत असतं. यापुढे नंबर घेतानाच विचारा : बोलणं झालंय का, घर कुठल्या टप्प्यावर आहे, निर्णय कोण घेणार? बोलणं झालं नसेल तर देणाऱ्यालाच आधी फोन करायला सांगा. मग चोवीस तासांच्या आत तुम्ही फोन करा आणि काम मिळो न मिळो, काय झालं ते देणाऱ्याला कळवा. त्याने तुमच्यासाठी स्वतःचा शब्द टाकलेला असतो. पुढचं काहीच कळलं नाही, तर तो पुन्हा नाव सुचवत नाही.

आता बैठकीत तुम्ही स्वतःची करून देता ती एका मिनिटाची ओळख. ‘किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट सगळं करतो, कुणाला हवं असेल तर सांगा’ हे ऐकून कुणालाच कुणी आठवत नाही. एका आठवड्याला एकच मागणी ठेवा : ‘गंगापूर रोड भागात नुकताच फ्लॅटचा ताबा घेतलेलं, स्वयंपाकघराच्या टाइल्स अजून न बसवलेलं कुटुंब.’ टाइल्सचा उल्लेख मुद्दाम केला आहे. सिंक, चिमणी, वॉटर प्युरिफायर यांचे पॉइंट तेव्हाच ठरवता येतात. नंतर भिंत फोडावी लागते आणि ग्राहक वैतागतो. हे गटातल्या लोकांना समजावून सांगा, म्हणजे ते योग्य वेळी तुमचं नाव काढतील.

टाइल्सच्या आधीचा तो टप्पा नेमका कळतो प्लंबरला आणि इलेक्ट्रिशियनला. त्यांच्याआधी ग्राहक भेटतो आर्किटेक्टला, त्याही आधी गृहकर्जाचं काम करणाऱ्याला. यातले जे गटात असतील त्यांना एकेक करून तासभर आपल्या कारखान्यात बोलवा. शेवटच्या दहा कामांची यादी समोर ठेवा : ग्राहक कुणामुळे आला, बजेट किती, काम कुठे अडलं. निम्मा वेळ त्यांच्या धंद्याला द्या. त्यांना कसा ग्राहक हवा ते लिहून घ्या. महिन्याला अशा चार भेटी जमवा. माझ्या मते बैठकीपेक्षा खरं काम इथेच होतं.

प्रश्न : बीएनआय, सॅटर्डे क्लब की आणखी कुठला गट? फी वसूल होईल का?

बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) च्या एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात आणि हजेरीचा नियम कडक असतो. स्वतः जमत नसेल तर बदली माणूस पाठवावा लागतो. सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांचा आहे. नावापेक्षा सभासदांची यादी बघा : तुमच्याच ग्राहकाला सेवा देणारे किमान पाच-सहा जण नसतील, तर तिथे रमू नका. पाहुणा म्हणून दोनदा जाऊन मगच ठरवा.

वसुलीचं गणित असं करा. समजा, वर्षाची फी ३०,००० रुपये आणि नाश्ता-हॉलचे ५०० रुपये अशा ५० बैठका, म्हणजे एकूण ५५,०००. तुमचा नफा २० टक्के असेल, तर निव्वळ खर्च भरून यायलाच २ लाख ७५ हजारांची कामं लागतात. पेट्रोल आणि वेळ वेगळा.

प्रश्न : गटातलेच सभासद काम देतात, पण सवलत मागतात आणि पैसे थकवतात. संबंध बिघडतील म्हणून बोलता येत नाही.

पहिल्याच कामाला लेखी कोटेशन द्या, आगाऊ रक्कम आणि उरलेल्या पैशांची तारीख त्यातच घाला. सवलत द्यायची तर सगळ्या सभासदांना एकच दर ठेवा. काम सुरू होण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. एमएसएमईडी कायदा, २००६ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा) नुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे व सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नुसता व्यापार करणाऱ्यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच विषय तोंडाने काढावा लागत नाही.