पैसे गेले, आता आपणही जायचं का?

वाचक विचारतात : रोजचे निर्णय आणि वर्तनशास्त्र

प्रश्न : अन्नपूर्णा रोडवरच्या एका जिमचे वर्षाचे १२,००० रुपये जानेवारीत भरले. पहिले सहा आठवडे आठवड्यातून पाचदा गेलो, पुढचे सहा आठवडे जेमतेम एकदा, आणि एप्रिलपासून बंदच. गुडघाही कुरकुरतो. घरचे म्हणतात, ‘पैसे भरलेत ना, मग जा!’ त्यात जिमचा फोन आला, पुढच्या वर्षाचे आत्ताच भरलेत तर ९,००० मध्ये करून देतो. काय करावं?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी १२,००० चा विषय संपवू. तुम्ही उद्या गेलात तरी ते परत येत नाहीत, न गेलात तरी येत नाहीत. मग जायचं की नाही हे ठरवताना ते मोजायचेच कशाला? प्रश्न एवढाच उरतो की उद्याचा तो तास जिममध्ये घालवणं तुमच्या गुडघ्याला आणि तब्येतीला फायद्याचं आहे का. गुडघ्याचं उत्तर डॉक्टर देतील, पावती नव्हे.

घरच्यांचा युक्तिवाद फार जुना आहे आणि तो थोडे दिवस चालतोही. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये नाटकांच्या हंगामी तिकिटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना तिकीट पूर्ण १५ डॉलरला दिलं, काहींना २ किंवा ७ डॉलरची सूट दिली, आणि ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात तो फरक उरला नाही. १९९८ मध्ये जॉन गूरव्हिल आणि दिलीप सोमण यांना सहामाही फी घेणाऱ्या व्यायामशाळेत हेच दिसलं : फी भरल्यावर लगेच गर्दी, मग उतरती कळा, पुढच्या हप्त्याला पुन्हा गर्दी. पैसे दिल्याची टोचणी काही काळाने बोथट होते. तुमचे सहा आठवडे त्यातच बसतात, तेव्हा स्वतःला आळशी ठरवायची घाई नको.

आता ९,००० चं बघू. जिमच्या काउंटरवरून तुमच्या हजेरीची यादी मागून घ्या. अंगठा लावून आत जायची मशीन असेल तर ती निघते. आठवणीवर विसंबू नका, कारण आठवण आपल्याला नेहमी जास्त वेळा जिमला नेते. तुम्ही लिहिल्याप्रमाणे ३० अधिक ६, म्हणजे ३६ फेऱ्या झाल्या. एक फेरी ३३३ रुपयांना पडली. एका दिवसाचे १०० रुपये घेणारी जिम जवळपास असेल, तर ९,००० वसूल व्हायला वर्षात ९० फेऱ्या हव्यात. उत्साह ताजा होता तेव्हा ३६ झाल्या! डेलाविन्या आणि मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीन जिमचे हिशेब तपासले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळा येत होते, म्हणजे फेरीमागे १७ डॉलरच्या वर. तिथेच दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर फेरी १० डॉलरला पडली असती.

९,००० ला सरळ नाही म्हणा. पुढच्या वर्षी जायचंच झालं तर महिन्याची फी भरा. ती हिशेबाने महाग दिसते, पण सोडलेल्या महिन्याचे पैसे वाचतात. लागोपाठ तीन महिने आठ-आठ फेऱ्या झाल्या तर वर्षाचा विचार करा. ‘आजच शेवटचा दिवस’ असं सांगतील. ती सवलत बहुधा पुढच्या महिन्यातही असते.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे. बीपीची गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची असते, ती आठवड्यातून दोन-तीनदा राहतेच. मोबाइलवर गजर लावून दिला तर ते तो बंद करतात आणि बातम्या बघत बसतात. रोज आठवण करण्यावरून घरात खटके उडतात.
— स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : ‘जेवणानंतर’ ही वेळ नाही, तो दोन तासांचा पट्टा आहे. ताट उचललं, बातम्या लागल्या, कुणाचा फोन आला, की गोळी त्या पट्ट्यात कुठेतरी हरवते. आणि गजर वाजतो तेव्हा गोळी हाताशी नसते. गजर बंद केला की काम झाल्यासारखं वाटतं, ही त्यातली खरी गोम.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला साधा तोडगा असा : ‘गोळी घ्यायची’ असं न ठरवता ‘अमुक झालं की लगेच, अमुक ठिकाणी, गोळी घेईन’ असं ठरवायचं. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. परिणाम मध्यम ते मोठा निघाला. पण तो ‘अमुक’ नीट निवडला तरच.

तीन रात्री बाबा काय काय करतात ते गुपचूप टिपून ठेवा. रोज, एकदाच आणि एकाच जागी होणारी गोष्ट शोधा. कवळी असेल तर ती काढून वाटीत ठेवणं उत्तम. नसेल तर दाराची कडी, किंवा देवघरातला दिवा मालवणं. बातम्या नकोत, त्या रविवारी वेगळ्या वेळी लागतात. मग सात खणांची डबी त्या वाटीला खेटून ठेवा, सोबत पाण्याचं तांब्या-भांडं. पाणी आणायला स्वयंपाकघरात जावं लागलं की मधे कुणीतरी बोलतं आणि गोळी राहते. डबी रविवारी भरायची. काही गोळ्या पाकिटाबाहेर काढून ठेवायच्या नसतात, ते औषधाच्या दुकानात विचारून घ्या. वाक्य बाबांनी स्वतः एकदा मोठ्याने म्हणायचं : ‘कवळी वाटीत ठेवली की शेजारची आजची गोळी घेईन.’ तुम्ही म्हणून उपयोग नाही.

बिघडतं कुठे? लग्नाला गेले, रात्र बाहेर काढली, तर वाटीही नाही आणि डबीही नाही. त्यासाठी कवळीच्या प्रवासी डबीतच दोन दिवसांच्या गोळ्यांची पुडी ठेवा. ‘घेतली की नाही’ अशी शंका आली तर खण बघा; भरलेला असेल तर घेतली नाही. राहिलेल्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. मनाने दोन एकदम कधीच नाही. गोळी सकाळी घेता येईल का, हेही त्यांनाच विचारा. चहाची खूण रात्रीच्या कुठल्याही खुणेपेक्षा पक्की असते.

एकवीस दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लंडनमध्ये मोजलं, तेव्हा मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, तेव्हा चुकलेल्या रात्रीवरून भांडू नका. आपल्या शहराकडेच बघा ना. ओला-सुका कचरा वेगळा करायचं वळण नुसत्या उपदेशाने लागलं नाही. गाडी रोज गाणं वाजवत दाराशी येते आणि गाणं ऐकलं की हात आपोआप डब्याकडे जातो.

प्रश्न : रामबागेतल्या जुन्या घराचं काम काढतोय : स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग. ठेकेदार १५ जुलैला सुरू करून ४५ दिवसांत देतो म्हणतो. गणपती सप्टेंबरच्या मध्यात आहेत. होईल ना?
— रामबाग, इंदूर

उत्तर : सगळं नाही होणार. ठेकेदार खोटं बोलतोय असं नाही. तो फक्त हात चालतील ते दिवस मोजतो. नवीन प्लास्टरला सात-आठ दिवस पाणी मारायचं, न्हाणीघरात किमान २४ तास पाणी साठवून गळती बघायची, फरशी संपली म्हणून थांबायचं, हे त्याच्या ४५ मध्ये नसतं. बुलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं. अंदाज सरासरी ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. ‘सगळं बिनसलं तर किती?’ याचं उत्तरही ४८.६ च होतं.

म्हणून ‘किती दिवस लागतील’ विचारू नका. मागची तीन कामं किती दिवसांत ठरली होती आणि किती दिवसांत उरकली ते विचारा, आणि त्या घरांना फोन करून खात्री करा. समजा ३० चे ४५, ६० चे ८० आणि २० चे ३० झाले, तर सरासरी सुमारे १.४४ पट. तुमचे ४५ मग ६५ होतात आणि तारीख १८ सप्टेंबर येते. ओटा आणि न्हाणीघर गणपतीआधी करा. गच्चीला तसाही कोरडा पृष्ठभाग लागतो, जुलै-ऑगस्टच्या इंदुरी पावसात तिला हात लावणं म्हणजे पैसे पाण्यात. दिवाळीनंतर करा आणि तिचा करार वेगळा लिहा.

प्रश्न : आमचं नमकीनचं दुकान आहे, चाळीस प्रकार ठेवतो. एमबीए करून आलेला पुतण्या म्हणतो, प्रकार कमी केले की विक्री वाढते. जॅमच्या बाटल्यांवर प्रयोग झालाय म्हणे. खरं का?
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : प्रयोग खरा आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर, २००० : चोवीस जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, सहा मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पुतण्याने बहुधा पुढचं वाचलं नाही. २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला आणि सरासरी परिणाम शून्याच्या जवळ निघाला. गिऱ्हाईक काय घ्यायचं ते न ठरवता आलं तर जास्त प्रकारांनी गोंधळतं. तुमच्याकडचं निम्मं गिऱ्हाईक दारातूनच ‘लौंग सेव पाव किलो’ म्हणत येत असेल, त्याला काय फरक पडतो?

करून बघायचं तर एकही प्रकार बंद न करता करा. एक आठवडा समोर चाखायला आठच प्रकार, पुढचा आठवडा नेहमीसारखी मांडणी, असं आलटून पालटून आठ आठवडे. रोज रात्री गल्ला आणि पावत्यांची संख्या दोन्ही लिहा. सणाचा आठवडा हिशेबातून वगळा, नाहीतर दिवाळीची विक्री मांडणीच्या नावावर जाईल.