निफाडला पुढच्या आठवड्यात अवकाळी येईल का? अ‍ॅप रोज वेगळं सांगतं, कुणाचं ऐकायचं?

तुमच्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, निम्मा माल अजून वेलीवर आहे, शेजारच्या वावरात उन्हाळ कांदा काढणीला आलाय. मार्च संपत आला आणि मोबाइलमधली दोन अ‍ॅप दोन तऱ्हेचं सांगतायत. पुढच्या आठवड्यात पाऊस आहे की नाही, असं तुम्ही विचारलंय.

सातव्या दिवशी मामांच्या वावरात पाऊस पडेल की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. हवामान खातं नाही आणि फेसबुकवर रोज तारखा देणारे तर मुळीच नाहीत. हवा कोरडी राहणार की बिघडणार, एवढं मात्र चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. मी दिंडोरी तालुक्यात बाग सांभाळते आणि आठवड्याचा अंदाज दोन तुकड्यांत वाचते. पहिल्या तीन दिवसांवर काम ठरवायचं. पुढच्या चार दिवसांवर फक्त मजूर आणि ताडपत्री बोलून ठेवायची.

असं का, तर मार्च-एप्रिलचा पाऊस हा मोसमी पावसासारखा सगळ्या जिल्ह्यावर पसरत नाही. जमीन तापलेली असते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगाळ-पावसाळी हवेची लाट, सरकतो, किंवा विदर्भापासून खाली कर्नाटकाकडे हवेचा कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि समुद्रावरून बाष्प आत येतं. एवढं जुळलं की दुपारनंतर ढग उभे राहतात. पण एकेक ढग पाच-दहा किलोमीटरचा, आणि त्याचा जोर तास-दीड तासाचा. फोनमधली बरीचशी अ‍ॅप अमेरिकी किंवा युरोपीय जागतिक मॉडेलवर चालतात, त्यांची एकेक चौकटच साधारण नऊ ते तेरा किलोमीटरची. आपल्या हवामान खात्याची मे २०२५ मध्ये आलेली नवी प्रणाली सहा किलोमीटरवर आली आहे, तरी उद्याचा ढग नेमका कोणत्या शिवारावर फुटेल हे तिलाही सांगता येत नाही. त्यामुळे ‘गुरुवारी ४ वाजता ६० टक्के पाऊस’ हे वाचून टेम्पो बोलावू नका आणि परतही पाठवू नका.

त्यापेक्षा मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज बघा. आपण मध्य महाराष्ट्र या विभागात येतो. त्यात साधारण असं वाक्य असतं: ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे.’ हे वाक्य लोक एका दमात वाचतात आणि घाबरतात, नाहीतर हसून सोडून देतात. ते तुकड्यातुकड्यानं वाचायचं असतं. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ आलं की निम्म्यापर्यंत, आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ आलं की पाऊणपर्यंत. हलका पाऊस म्हणजे दिवसभरात साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत, मध्यम म्हणजे थेट ६४ पर्यंत. म्हणजे ‘हलका ते मध्यम’ या तीन शब्दांत नुसतं अंगण भिजणंही आलं आणि सऱ्या तुंबणंही. गारपिटीचा उल्लेख वेगळा करतात. तो शब्द आला की मी बाकीचं वाचतच नाही, सरळ कामाला लागते.

खात्याच्या इशाऱ्याच्या रंगाचंही तसंच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा. पण रंग अख्ख्या नाशिक जिल्ह्याला लागतो. आपल्या जिल्ह्यात १५ तालुके. पश्चिमेला सुरगाणा-पेठ, पूर्वेला नांदगाव-येवला, हवेचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. यलो लागला आणि निफाड कोरडं राहिलं, तर अंदाज चुकला असं होत नाही. ‘तुरळक’मध्ये आपण बसलो नाही, इतकंच. दोन-तीन यलो असे कोरडे गेले की लोकांचा विश्वास उडतो, आणि नुकसान नेमकं पुढच्या वेळी होतं.

दर गुरुवारी खात्याचा विस्तारित पल्ल्याचा, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांचा अंदाजही येतो. त्यात पुढच्या आठवड्यांत पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी, तापमान वर की खाली, एवढंच असतं. तेवढंही उपयोगी पडतं. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट चालली होती, ती काही एका संध्याकाळची गोष्ट नव्हती. इतकी लांबणारी हवा आठवड्याच्या चित्रात दिसते. एकटादुकटा ढग दिसत नाही. मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला ‘मेघदूत’ अ‍ॅपवर मिळतो, तोही बघत जा.

आता घरबसल्या बघायच्या खुणा. सगळ्यात आधी पहाटेचं तापमान. मार्चअखेरीस आपल्याकडे दुपारी ३६-३७ आणि पहाटे १७-१८ असा मोठा फरक असतो, पांघरूण अजून लागतं. ते पांघरूण सलग दोन रात्री नकोसं झालं, पहाटेचा पारा २१-२२ वर गेला, तर हवेत बाष्प आलंय असं समजा. मग वारा. वायव्येकडून कोरडा येतोय तोवर निर्धास्त. तो दक्षिणेकडे वळला आणि सकाळी बागेत शिरताना पानांखाली दमट, कोंदट वाटलं, की संध्याकाळवर लक्ष ठेवायचं. आणि अकरा-बारालाच कापसासारखे ढग उंच वाढायला लागले, तर त्या दिवशी चारनंतर मजूर वावरात ठेवू नका. दुपारी मुंबईच्या रडारचं चित्र आणि खात्याचा तीन तासांचा इशारा, एवढं बघितलं की त्या दिवसापुरतं पुरे.

मामांनी काय करावं? माझं मत असं की द्राक्ष आधी, कांदा नंतर. गोडी १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) पुढे गेली असेल तर तो माल वेलीवर ठेवून काही मिळवायचं उरलेलं नाही. साखर भरलेल्या मण्याला पाणी लागलं की साल ताणते आणि मणी तडकतो. एक तडकलेला मणी दोन दिवसांत घड कुजवतो. पाऊस येऊन गेलाच तर ओल्या घडाला कात्री लावू नका, मणी कोरडे होऊ द्या. प्लास्टिक आच्छादन असेल तर पावसाची भीती कमी, पण वाऱ्यासाठी दोऱ्या तपासून घ्या.

एक मात्र सांभाळा. यलो अलर्ट आला की व्यापारी बांधावर येऊन आकाशाकडे बघत दर पाडतात. आमच्याही बागेत ठरलेला सौदा असाच एका संध्याकाळी किलोमागे पाच रुपयांनी उतरवला होता. तेव्हा मामांना वरचा ‘तुरळक’चा हिशेब तोंडपाठ असू द्या. आणि घाईत माल दिला तरी पैसे हातात पडल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

कांद्याचं उलट आहे. जमिनीतला कांदा एखादी सर सोसतो. उपटून वावरात पसरलेला सोसत नाही. निम्म्या माना पडल्या, म्हणजे पात मानेत वाकून आडवी झाली असली, तरी पुढचे तीन दिवस कोरडे दिसत असतील तरच काढायला घ्या, कारण पातीखाली झाकून सुकायला तेवढे दिवस लागतातच. आधीच काढलेला असेल तर संध्याकाळी उंच जागी ढीग आणि ताडपत्री. भिजलेला कांदा साठवणीच्या कांदाचाळीत कोंबू नका. तो आज सुका दिसतो आणि जूनमध्ये वास मारतो. असा कांदा लगेच लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात नेऊन मोकळं व्हावं, दर कमी असला तरी.

बेदाण्याच्या शेडवर माल असेल तर बाजूचे पडदे दुपारीच सोडा, संध्याकाळी वाऱ्यात ते हाताला येत नाहीत. विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर घ्या. या दिवसांत माणसं पावसानं नाही, वीज पडून जातात, आणि तीही बऱ्याचदा झाडाखाली आडोशाला उभी असताना.

मामांच्या मालाची गोडी किती आहे आणि कांद्याच्या माना कितपत पडल्यात, ते इथेच खाली लिहा. मग त्या तीन दिवसांत कशाला आधी हात घालायचा ते नेमकं सांगता येईल.