इलेक्ट्रिक कारमध्ये ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवल्यास रेंज घटते का? सुरुवात कोठून करावी?

मूळचे स्पीकर पोकळ वाजतात म्हणून ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर (केवळ खर्ज वाजवणारा स्पीकर) बसवण्याचा आपला विचार आहे, परंतु त्यामुळे रेंज घटेल अशी धास्ती वाटते, असा आपला प्रश्न आहे. मी माझ्या इलेक्ट्रिक कारमध्ये हे काम टप्प्याटप्प्याने करून घेतले आहे आणि त्यात एकदा चांगलाच फसलोही आहे. त्या अनुभवावरून सांगतो की रेंजची चिंता सोडून द्यावी आणि ती सगळी १२ व्होल्टच्या लहान बॅटरीसाठी राखून ठेवावी.

रेंजचा हिशेब सोपा आहे. किलोमीटरला १५० वॉट-तास वीज लागत असेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी कार सुमारे ९ किलोवॉट खर्च करत असते. संगीताचा आवाज सतत चढत-उतरत असल्यामुळे ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या आवाजातही सरासरीने १०० वॉटच्या आसपासच वीज घेतो, म्हणजे जेमतेम एक टक्का. एसी याच्या कितीतरी पट वीज खातो.

खरी मर्यादा दुसरीकडे आहे. इलेक्ट्रिक कारला अल्टरनेटर नसतो. मुख्य बॅटरीचा उच्च दाब डीसी-डीसी कन्व्हर्टर १४ व्होल्टच्या आसपास उतरवतो आणि त्यावर दिवे, वायपर, संगणक व १२ व्होल्टची बॅटरी चालते. क्लास डी प्रकारचा ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तरी पूर्ण जोरावर तो सुमारे ४५ अँपिअर प्रवाह ओढतो. जुन्या पद्धतीचा क्लास एबी त्याहून अधिक ओढतो आणि तापतोही, म्हणून इलेक्ट्रिक कारसाठी तो मी विचारातच घेणार नाही. कार सुरू असताना कन्व्हर्टर हा भार बहुधा सहज पेलतो. अडचण येते ती कार बंद असताना, कारण तेव्हा कन्व्हर्टर झोपलेला असतो.

माझी फसगत नेमकी तेथेच झाली. फिटरने अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करणारी रिमोट वायर अशा सॉकेटला जोडली होती, की ज्याचा पुरवठा कार लॉक केल्यावरही बंद होत नसे. अ‍ॅम्प्लिफायर नुसता जागा राहून सुमारे एक अँपिअर घेत होता. माझी लहान बॅटरी ४० अँपिअर-तासांची. दोन रात्री कार उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिमोटने दार उघडेना. मुख्य बॅटरी आदल्या दिवशीच मोबाइलवर ७८ टक्के दिसत होती, पण तिला कारशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, जोडले जायलाही १२ व्होल्टच लागतात. कोठार धान्याने भरलेले आणि किल्ली आतच राहिलेली, अशी ती गत होती. काही कार उभ्या असताना लहान बॅटरी आपोआप चार्ज करून घेतात, परंतु आपली कार तसे करते असे गृहीत धरू नये. काम झाल्यावर कार लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबावे, तिचे संगणक झोपू द्यावेत आणि मग अ‍ॅम्प्लिफायरच्या मुख्य वायरवरचा प्रवाह मोजून घ्यावा. तो मिलिअँपिअरमध्ये असला पाहिजे. फिटर कंटाळला तरी ही मोजणी सोडू नये.

त्याच वायरबाबत आणखी दोन गोष्टी. फ्यूज बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर असावा. तसेच अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग बॅटरीच्या ऋण टोकावर न घेता कारच्या बॉडीला घ्यावे, कारण अनेक कारमध्ये त्या टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला वळसा घालून गेलेला प्रवाह त्याच्या हिशेबात येत नाही.

आता आवाजाकडे वळतो. आपण सांगता तो पोकळपणा मुख्यतः दारांमुळे असावा, असे मला वाटते. दाराचे आतले अस्तर काढले की पत्र्यात तळहाताएवढी भोके दिसतात. स्पीकरच्या मागच्या बाजूने निघालेला आवाज त्यांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातला खर्ज खाऊन टाकतो. बाहेरच्या पत्र्यावर टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा ‘टण्ण’ असा नाद येतो. ब्यूटाइलची, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी रबरी शीट रोलरने नीट दाबून बसवली की त्याच जागी नुसते ‘ठक’ ऐकू येते. बाहेरच्या पत्र्याचा साधारण तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतो, मात्र आतली भोके पूर्ण बंद झाली पाहिजेत, आणि दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे उघडीच राहिली पाहिजेत. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे इलेक्ट्रिक कारमध्ये टायरची घरघर आणि प्लास्टिकची खडखड अधिक जाणवते. माझ्या डाव्या दारातली एक क्लिप ठरावीक खर्जाला थरथरत असे आणि तिच्यापायी मी आठवडाभर चांगल्या स्पीकरला दोष देत होतो!

दारांनंतर डीएसपी, म्हणजे आवाजाच्या सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारे उपकरण, घ्यावा. मूळचे हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरची म्युझिक सिस्टिम, बदलण्याच्या फंदात पडू नये, कारण एसीपासून रिव्हर्स कॅमेऱ्यापर्यंत सर्व काही त्यातच गुंतलेले असते. त्याच्या स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेणारा डीएसपी, वायर न कापता जोडता येणाऱ्या हार्नेससह (तयार वायर-जोडणीसह) बसवावा. वॉरंटीच्या दृष्टीनेही तेच हिताचे. अनेक कारखानी यंत्रणा आवाज वाढवला की खर्ज मुद्दाम कमी करतात, त्याची भरपाई डीएसपीत करता येते. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून आपल्या जवळचा स्पीकर ७० सेंटिमीटरने जवळ असेल, तर त्याला २ मिलिसेकंद उशीर दिला की गायक दारातून नव्हे, समोरून गाऊ लागतो. कारमध्ये मायक्रोफोनवर चालणारी गोंगाट घटवणारी यंत्रणा असेल, तर नव्या स्पीकरांबरोबर ती उलट घुमू लागण्याची शक्यता असते. तसे झाल्यास ती बंद करून घ्यावी. पादचाऱ्यांना सावध करण्यासाठी कमी वेगात वाजणाऱ्या बाहेरच्या स्पीकरला मात्र हात लावू नये.

इतके करून महिनाभर ऐकावे आणि सबवूफर त्यानंतरच घ्यावा. मला ५०० वॉटची गरज उरली नाही. सीटखाली बसणारा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला लहान सबवूफर पुरेसा झाला. तो पट्ट्याने किंवा मूळच्याच बोल्टला बांधावा. तळाच्या पत्र्याला स्क्रू मारण्यासाठी कोणी ड्रिल हातात घेतले तर त्याला तेथेच थांबवावे, कारण बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये त्या पत्र्याच्या लगेच खाली मुख्य बॅटरी असते, आणि अस्तराखाली उच्च दाबाची नारिंगी वायर दिसली तर तेथले काम अधिकृत तंत्रज्ञाशिवाय कोणीही करू नये.