ऑस्ट्रेलियन कॉर्व्हेटवर वाचायचंय? मग असं कर

कॉर्व्हेट म्हणजे छोटी युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात बांधलेल्या बॅथर्स्ट वर्गातल्या साठच्या साठ जहाजांच्या मागे एकदम लागू नकोस, गोंधळ उडेल. त्यातली दोन-तीन घे आणि शेवटपर्यंत त्यांचा माग काढ.

सुरुवात 'आर्मिडेल'पासून कर. १ डिसेंबर १९४२ ला तिमोरजवळ जपानी विमानांनी तिला बुडवलं. जहाज सोडायचा हुकूम झाला तरी टेडी शीन हा जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा बंदुकीपाशी परतला आणि बुडेपर्यंत गोळ्या झाडत राहिला. त्याला शौर्याचा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला थेट २०२० मध्ये! इतका उशीर का, हे जरूर वाच.

मग 'बेंगाल'. या वर्गातली चार जहाजं रॉयल इंडियन नेव्हीकडे होती, त्यातलं हे एक. नोव्हेंबर १९४२ मध्ये 'ओंडिना' या डच टँकरसोबत ते दोन जपानी जहाजांशी भिडलं. त्यातलं 'होकोकु मारू' बुडालं. आपल्याकडे याची म्हणावी तशी चर्चाच नाही.

शत्रूनेच सगळी बुडवली असं मात्र धरून चालू नकोस. 'वॉलरू' आणि 'जीलाँग' टकरीत गेली, 'वॉर्नम्बूल' १९४७ मध्ये सुरुंग काढताना. काही तुर्कस्तान, नेदरलँड्स, न्यूझीलंडला गेली, बरीचशी भंगारात. म्हणून नाव बदललं की नवीन नावानेही शोध.

प्रत्यक्ष बघायचंय तर मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला 'कॅसलमेन' पाण्यात आहे, 'व्हायला' त्याच नावाच्या गावात जमिनीवर.