बार मित्झवाच्या टेबलांवर फुलांऐवजी खाता येईल असं काय मांडावं?

तुम्ही विचारलंय की मुलाचा बार मित्झवा, म्हणजे तेराव्या वर्षीचा ज्यू धर्मविधी, इस्राएलमधल्या अश्दोदच्या हॉलमध्ये आहे, पंधरा टेबलं आहेत, फुलांवर पैसे घालवायचे नाहीत, तर मधोमध फळांचे गुच्छ ठेवावेत की चॉकलेटचे मनोरे. शेवटी लिहिलंय, "मलिदा नको, तो घरातला झाला, लोक काय म्हणतील." मलिदा म्हणजे आम्हा बेने इस्राएलांचं, कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंचं, गोड पोहे, नारळ आणि फळांचं ताट. त्या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसले.

चॉकलेटचं आधी संपवते. जेवणात चिकन असणार, आणि आपल्यात मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणजे दुधाचं चॉकलेट बाद. बिनदुधाचं आणलंत तरी उन्हाळ्यात इथे ते पाहुणे यायच्या आत मऊ पडतं. नाद सोडा.

फळांच्या गुच्छांबद्दल मात्र मला अनुभव आहे. 2011 साली माझ्या थोरल्याचा बार मित्झवा होता. मला प्रत्येक टेबलावर मलिद्याचं ताट हवं होतं. आमच्या वन्सं म्हणाल्या, "हे अलिबागला ठीक होतं. इथले लोक म्हणतील, ही माणसं पूजा करतात." नवरा बहिणीपुढे बोलत नाही. शेवटी एका दुकानात काड्यांना टोचलेल्या फळांचे गुच्छ सांगितले. पाच वाजता ते आले आणि पाहुणे साडेआठला. तोवर खरबुजाचं पाणी टेबलक्लॉथवर उतरलं होतं, सफरचंद काळं पडलं होतं. आणि खाणार कोण? एक काडी उपसली की सगळी मांडणी विस्कटते, म्हणून कोणी हातच लावेना. रात्री पोतीभर फळं कचऱ्यात गेली. अन्न असं टाकताना मला रडू आलं.

त्याहून वाईट दाराशी झालं. सासूबाई, वय 78, घरून मलिद्याचं एक ताट पंच्यात बांधून घेऊन आल्या होत्या. हॉलच्या मशगिआखने, म्हणजे अन्न ज्यू नियमांप्रमाणे आहे ना हे बघणाऱ्या माणसाने, त्यांना अडवलं: घरी शिजवलेलं आत नेता येणार नाही. सासूबाई ताट मांडीवर घेऊन दाराशेजारच्या खुर्चीवर बसून राहिल्या. 1964 साली आम्हा बेने इस्राएलांना लग्नासाठी पूर्ण ज्यू मानावं म्हणून आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली होती, त्यात त्या होत्या. त्याच वर्षी क्नेसेतने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, आपल्या बाजूने ठराव केला. सासूबाई वन्संबद्दल मला म्हणाल्या, "रस्त्यावर बसले तेव्हा हीच माझ्या मांडीवर होती, आणि आता हिलाच मलिद्याची लाज वाटते." वन्सं ते ऐकून आत निघून गेल्या.

म्हणून मी स्पष्ट सांगते, मलिदाच ठेवा. आपल्याकडे नवस फेडायचा, लग्न ठरलं, कोणी परगावी निघालं की एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन मलिदा होतोच. मग मुलगा तेरा वर्षांचा होऊन तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचतो त्याच दिवशी तो का लपवायचा? हिंदूंकडून घेतलेला प्रसाद आहे, असं वन्सं अजूनही म्हणतात. मलिदा हा शब्द फारसी आहे, दर्ग्यातही मलिदा असतो, आणि पोहे नि नारळ तर कोकणातलेच. पण त्यावर म्हणायचे आशीर्वाद हिब्रू आहेत, आणि ताटात काय हवं ते त्या आशीर्वादांवरून ठरतं. खजूर, सफरचंद, संत्रं झाडाच्या फळांच्या आशीर्वादात जातात. केळं हलाखेप्रमाणे, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे, जमिनीच्या फळांच्या आशीर्वादात जातं, म्हणून ते वेगळं हवंच. पोह्यांचा आशीर्वाद निराळा, आणि गुलाब सुवासाच्या आशीर्वादासाठी. हे ज्यूंचं नाही असं म्हणणाऱ्याने आधी ते आशीर्वाद नीट ऐकावेत.

2014 ला धाकट्याच्या वेळी मी महिनाभर आधी मशगिआखला जाऊन भेटले. माणूस वाईट नव्हता, नियम नियमासारखा सांभाळत होता. त्याने अट घातली: पोह्यांची पाकिटं बंद हवीत, नारळ अख्खे, फळं हॉलच्या पुरवठादाराकडूनच, कारण त्यांचा धर्माने सांगितलेला दशांश काढलेला असतो, आणि सगळं हॉलच्या स्वयंपाकघरात त्याच्या डोळ्यांसमोर करायचं. आम्ही चौघी दुपारी दोनला गेलो आणि चौदा ताटं केली. गुलाब सासूबाईंनी मांडले. जेवण यायच्या आत अर्धी ताटं रिकामी झाली होती, आणि शेजारची मोरोक्कन बाई कृती लिहून घेऊन गेली. वन्संनी दोनदा वाढून घेतलं. आज मात्र म्हणतात, लोकांनी फळं खाल्ली, पोहे नाही. ताटं मी स्वतः उचलली आहेत, मला माहीत आहे.

दहा माणसांच्या टेबलाला अर्धा किलो जाड पोहे, एक मोठा नारळ, पावशेराला थोडी कमी साखर, वेलची, बेदाणे, बदामाचे काप. पोहे धुऊन चाळणीत अर्धा तास निथळू द्या, भिजत ठेवू नका, लगदा होतो. साखर पोहे मोकळे झाल्यावरच घाला. ताटात मधे उंच रास करा, पण समोरच्याचा चेहरा झाकेल इतकी नको. कडेने खजूर, सालासकट केळ्याचे तुकडे, अख्खी संत्री, वर डाळिंबाचे दाणे. सफरचंद कापू नका. लहान मुलांच्या टेबलांवर नुसती फळं आणि खजूर ठेवा, त्यांना पोहे नको असतात.

काही गोष्टी राहिल्या. खजूर उघडून आतून बघा, किडे निघतात. फुलवाल्याचे गुलाब फवारलेले असतात, ते वाटीत वेगळे ठेवा, पोह्यांवर नको. बदामाची अॅलर्जी कोणाला आहे का ते आधी विचारा. काही घरांत प्रार्थनेशिवाय मलिदा करत नाहीत. तुमच्याकडे तसं असेल तर सुरुवातीला हजानला, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्याला, उभं करून एकाच ताटावर आशीर्वाद म्हणा, बाकीची ताटं नंतर टेबलांवर न्या. आणि खवलेला नारळ उकाड्यात आंबतो, म्हणून आदल्या रात्री खवून ठेवू नका. दुपारी हॉलमध्येच खवा, आणि विळी घरून न्यायची असेल तर ती चालेल का, हे मशगिआखला आधी विचारा.