सायकल फ्रेमच्या पातळ नळीला खाच पाडताना होल सॉचे दात का तुटतात?

तुमचा प्रश्न असा: ०.९ मिमी जाडीच्या क्रोमोली (क्रोम-मोलिब्डेनम पोलादाच्या) नळीला बेंच ड्रिलवर खाच पाडताना, म्हणजे तिचं टोक दुसऱ्या नळीवर बसेल असं गोलाईत कापताना, होल सॉ (वाटीच्या कडेला दात असलेली गोल करवत) थडथडतो, दोन सॉंचे दात गेले, आणि एवढं करूनही जोडात फट राहते. तर होल सॉ सोडून सगळं कानशीनेच करावं का?

होल सॉ सोडू नका. दोष बहुधा तो ज्यावर बसवलाय त्यात आहे.

आधी मधला पायलट ड्रिल काढून टाका. सपाट पत्र्यात तो सॉला धरून ठेवतो, पण इथे तो गोल आणि तिरक्या भिंतीवर टेकतो. पातळ पत्र्यातलं त्याचं भोक लगेच लांबट होतं आणि मग तोच सॉला इकडेतिकडे ओढतो. मात्र पायलट काढला की सॉला आधार फक्त स्पिंडलचा, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याचा, उरतो. म्हणून असा सॉ हातातल्या ड्रिलला कधीच लावायचा नाही.

मग आर्बर बघा, म्हणजे सॉ ज्याच्या आट्यांवर बसवतात तो दांडा. ३२ मिमीपासून पुढच्या सॉच्या आर्बरला दोन पिना असतात. पिना भोकांत बसाव्यात म्हणून सॉ थोडा उलटा फिरवून ढिला ठेवावा लागतो, आणि बरीचशी थडथड त्या ढिलाईतून येते. मी पिना वापरतच नाही. योग्य जाडीचा वॉशर घालून सॉ आर्बरच्या खांद्याला पूर्ण आवळतो. कापताना आटे आणखी घट्ट होतात, त्यामुळे नंतर सोडवायला पान्याने जोर लावावा लागतो, पण सॉ डुलत नाही.

वेग कमी हवा. ३२ मिमीच्या सॉला मिनिटाला १५० फेऱ्या म्हणजे दातांचा वेग मिनिटाला साधारण १५ मीटर, आणि क्रोमोलीला तेवढा पुरतो. पुष्कळ बेंच ड्रिल एवढे हळू फिरतच नाहीत. शिवाय आडव्या झटक्यांनी त्यांचा चक टेपरमधून (ज्या निमुळत्या भागात तो नुसता घट्ट बसवलेला असतो त्यातून) सुटू शकतो. लेथ मिळत असेल तर सॉ लेथवर धरा आणि नळी क्रॉस स्लाइडवर (लेथच्या आडव्या सरकणाऱ्या भागावर) ठोकळ्यात आवळा. माझ्या कामात सर्वांत मोठा फरक याने पडला. ठोकळा नळीच्या मापाचं भोक पाडून मधोमध चिरलेला, लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असावा. वाइसच्या जबड्यात पातळ नळी चेपते. नळीच्या आत लाकडाचा घट्ट तुकडा ठोकला तर थरथर आणखी कमी होते.

दात तुटतात ते बहुतेक वेळा सुरुवातीला आणि शेवटी. तिरक्या नळीला पहिले एक-दोन दातच लागतात, आणि शेवटी पातळ कडा दातांच्या मधल्या जागेत अडकते. या दोन्ही वेळी अगदी हळू पुढे सरका. मधे मात्र घाबरून हात हलका करू नका, नुसतं घासत राहिलं की दात बोथट होतात. बारीक दातांचा सॉ मिळाला तर तोच घ्या.

सॉचं माप जिला जोडायचं त्या नळीचं. २८.६ मिमीच्या नळीला २९ चा सॉ चालतो, ३१.८ ला ३२ चा. हेड ट्यूब (पुढची, हँडलखालची नळी) ३६ मिमी असेल आणि नेमका सॉ नसेल तर ३५ चा घ्या, ३७ चा नको. लहान सॉने खाचेचे कान, म्हणजे तिची दोन बाजूंची टोकं, आत राहतात, ते कानशीने उघडता येतात आणि नळीची लांबी बदलत नाही. मोठ्या सॉने कानांपाशी फट पडते, आणि ती घालवायला खाच खोल करावी लागते, म्हणजे नळी आखूड होते. चांदीच्या ब्रेझिंगला (वितळलेली चांदीची मिश्रधातू फटीत भरून केलेल्या जोडाला) साधारण ०.०५ ते ०.१२ मिमीचीच फट चालते. पितळेचं फिलेट, म्हणजे जोडाच्या कोपऱ्यात बाहेरून दिलेला पितळेचा थर, त्याहून जास्त सोसतं.

सॉची खोलीही तपासा. नळीचा व्यास भागिले दोन नळ्यांमधल्या कोनाचा साइन, एवढी खोली हवी. ३१.८ ची डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून पेडलांकडे उतरणारी नळी) ६० अंशात ३७ मिमी मागते, ती नेहमीच्या सॉमध्ये जेमतेम मावते. ३० अंशात मात्र ६४ लागते, तिथे सॉचा तळ नळीला टेकतो. तसले जोड मी कागदी साचा गुंडाळून, हॅक्सॉने आणि कानशीनेच करतो.

आणि एक गोष्ट, जी मला माझी पहिली फ्रेम गमावून कळली. दोन्ही टोकांच्या खाचा सुंदर बसत होत्या, पण एकमेकींशी पिळलेल्या होत्या. २८.६ च्या नळीच्या परिघावर पाव मिलिमीटर म्हणजे एक अंश! आता नळीवर अँगल (L आकाराची सरळ पट्टी) टेकवून टोकापासून टोकापर्यंत सुईने एक रेघ ओढतो आणि दोन्ही वेळा ठोकळ्याच्या चिरेशी तीच रेघ जुळवतो. पहिलं टोक पक्कं झाल्यावर दुसरं एक मिलिमीटर लांब कापा, दोन्ही खाचांत एकेक लांब सरळ नळी टेकवून एका डोळ्याने बघा. त्या एकाच प्रतलात दिसल्या की मगच शेवटचा मिलिमीटर काढा.